हिमाचे दप्तर

स्वित्झर्लंडच्या मधोमध, सेंट गोट्टहार्ड घाटाच्या उत्तर पायथ्याशी, आंडरमाट नावाचे एक गाव आहे, आणि त्या गावाच्या नेमके डोक्यावर, एरवी उघड्याबोडक्या असलेल्या चढावर, सूचिपर्णी वृक्षांचा एक त्रिकोणी तुकडा उभा आहे. भोवतालचा सारा डोंगर गुरांच्या कुरणांसाठी आणि हिवाळ्यातील सरपणासाठी पिढ्यान्‌पिढ्या तासला जात असता एवढेच रान कुऱ्हाडीच्या तावडीतून कसे सुटले, या प्रश्नाचे उत्तर १३९७ सालच्या एका दस्तऐवजात मिळते. खोऱ्यातील रयतेने त्या साली असा निर्बंध घालून घेतला, की या रानातील लाकूड कोणी तोडू नये आणि बाहेर नेऊ नये. कारण वरून सुटणाऱ्या हिमाला अडविणारी दुसरी भिंत गावापाशी नव्हती. आपल्याकडे देवराईला हात लागू नये म्हणून देवाचे भय घातलेले असे. इकडे भय हिमाचे आणि बंदोबस्त हुकमाचा होता. तरीही हुकमाभोवती दंतकथा वाढायची ती वाढलीच. त्याच मुलखातील वीराला नायक करून शिलरने १८०४ साली जे नाटक लिहिले, त्यात विल्हेल्म टेलचा लहानगा मुलगा, आल्टडोर्फ गावाच्या डोक्यावरील अशाच एका रानातील झाडांवर घाव घातला तर त्यांतून रक्त येते हे खरे का, असे बापाला विचारतो. आणि बाप त्याला समजावून सांगतो, की ते रान नसते तर खालचे नगर केव्हाच हिमाखाली गडप झाले असते.

हिमाखाली गेलेल्या गावांच्या हकिकती पुष्कळांनी लिहिल्या आहेत आणि त्या वाचताना कोणाचेही हृदय हेलावेल. पण माणूस हिमाची परीक्षा करावयास कसा शिकला, त्याने कोणत्या वह्यांत काय टिपले, आणि पांढऱ्याशुभ्र, निर्वाक् दिसणाऱ्या त्या पदार्थाकडून त्याने कैफियत कशी वदवून घेतली, हा इतिहास मला त्याहून अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. त्यात पराक्रमी गिर्यारोहकांपेक्षा वनखात्याचे कर्मचारी, नोंदी ठेवणारे निरीक्षक आणि हातात फावडे घेतलेले पंडित यांचीच गर्दी अधिक आहे.

मराठीत डोंगरावरून हिम सुटण्याच्या घटनेला हिमप्रपात म्हणतात आणि हिमस्खलन असेही म्हणतात. मला दुसरा शब्द यथार्थ वाटतो. प्रपात म्हणजे वरून कोसळणे. आणि आल्प्समधील जुन्या लोकांची समजूत बरीचशी तशीच होती. त्या काळच्या चित्रांत हिमाचा एक प्रचंड गोळा, अंगात घरे, झाडे आणि माणसे रुतवून घेऊन, डोंगरावरून गडगडत येताना दाखविलेला असतो. पाखराच्या पंखाने सुटलेला एक कण वाटेत वाढत वाढत पर्वताएवढा होतो, अशी कल्पना होती. साध्या हाकेनेही हिम जागे होते अशी भीती होती, आणि घाट ओलांडणारे वाटाड्ये खेचरांच्या गळ्यातील घंटांत गवत कोंबीत असत असे सांगतात. माणसाच्या आवाजाने हिम सुटत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. गंमत अशी, की जर्मनांचा ‘लाविने’ हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून निघाला त्याचा अर्थ घसरणे, आणि आपल्या संस्कृत ‘स्खल्’चाही अर्थ तोच. हिम वरून अंगावर पडते असे डोळ्यांना दिसत असले, तरी खरे पाहता पायाखालचेच हिम जागचे घसरते, एवढे भाषेला फार आधी कळले होते. शास्त्राला ते कळावयास विसावे शतक उजाडावे लागले.

तोवर जे ज्ञान होते ते स्मृतीचे होते. आजोबांनी नातवाला सांगावे, की अमक्या ओढ्याच्या मुखाशी घर बांधू नये, तमक्या उताराखालचा गोठा फेब्रुवारीत रिकामा ठेवावा; आणि ज्याला जागा बदलणे शक्य नव्हते त्याने भिंत बदलावी. दावोसच्या खोऱ्यातील फ्राउएनकिर्ख या वस्तीतील चर्च पाहिले म्हणजे हे ध्यानात येते. सतराव्या शतकाच्या आरंभी हिमाचा तडाखा बसल्यावर त्याची डोंगराकडील बाजू नांगराच्या फाळासारखी टोकदार बांधली, एवढ्यासाठी की येणारा लोट दुभंगून दोहों अंगांनी निघून जावा. पण स्मृतीला एक मोठी खोट असते. जो उतार शंभर वर्षांत एकदाच सुटतो, त्याची आठवण तिसऱ्या पिढीत पातळ होते आणि चौथ्या पिढीत त्याच्या वाटेवर घर उभे राहते.

या स्मृतीला दप्तराचे रूप देणारा पुरुष म्हणजे योहान कोआझ. १८२२ साली जन्मलेला हा गृहस्थ तरुणपणी नकाशाच्या मोजणीवर होता, आणि मोजणीच्या ओघातच १८५० च्या सप्टेंबरात दोन सहकाऱ्यांसह पिझ बेर्निना या चार हजार मीटरांहून उंच शिखरावर सर्वप्रथम पोहोचला. इतरांनी एवढ्यावर जन्मभर मिरविले असते. कोआझने वनखात्याची नोकरी धरली, १८७५ मध्ये संघराज्याचा पहिला मुख्य वननिरीक्षक झाला, आणि नव्वदी ओलांडेपर्यंत त्या पदावर राहिला. १८६८ साली एंगाडीनच्या खालच्या अंगाला, मार्टिना गावाच्या वर, जेथून हिम सुटते त्या उंच उतारावरच कोरड्या दगडांच्या भिंती घालण्याचे काम त्याच्या देखरेखीखाली झाले. गावापाशी ढाल धरण्याऐवजी हिमाला उगमाशीच रोखावे, ही ती तजवीज होती. आणि मग त्याने खात्यातील माणसांना कामाला लावून आल्प्समधील हिमाच्या वाटांची नोंद सुरू केली: कोठून सुटते, कोठवर येते, किती वर्षांनी येते, काय नेते. आपल्याकडे जमीन महसुलाच्या मोजणीत प्रत्येक शेताला क्रमांक आणि हद्द मिळाली, तशीच येथे संकटाला मिळाली. १८८१ मध्ये त्याचा स्विस आल्प्समधील हिमस्खलनांवरचा ग्रंथ निघाला, आणि १९१० मधील संख्यासंग्रहात नऊ हजारांहून अधिक वाटा नोंदल्या गेल्या. हिमस्खलनाच्या इतिहासात कोआझइतका आदर मला दुसऱ्या कोणाविषयी वाटत नाही. कारण मृत्यूच्या येण्याजाण्याची खातेवही लिहावी, हे धैर्य शिखर चढण्याच्या धैर्याहून निराळ्या जातीचे आणि माझ्या मते दुर्मिळ आहे.

तथापि त्या खातेवहीत एका प्रश्नाचे उत्तर नव्हते. हिम कोठे सुटते हे तिच्यातून कळे. ते काल का सुटले नाही आणि आज का सुटले, हे कळत नसे. कोआझच्या पिढीला हिम हा एकजिनसी पदार्थ वाटे, थोडा साठला तर निर्धोक आणि फार साठला तर घातक. ही समजूत किती अपुरी आहे हे पहिल्या महायुद्धाने दाखविले. इटली आणि ऑस्ट्रिया यांच्या फौजा डोलोमाइट पर्वतांत समोरासमोर, ज्या उंचीवर हिवाळ्यात गुराखीही राहत नाहीत अशा उंचीवर, छावण्या करून बसल्या होत्या. १९१६ च्या डिसेंबरच्या १३ तारखेला मार्मोलाडा शिखराखालील ऑस्ट्रियन बराकींवर हिम आले आणि अडीचशेहून अधिक शिपाई एका पहाटे गेले. जागा धोक्याची आहे, ती बदलावी, असा तेथील कप्तानाने वर अर्ज केलेला होता. वरून मंजुरी आली नाही. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ऑस्ट्रियाचा स्कीविद्येचा आद्य गुरू माथियास झ्डार्स्की स्वतः हिमाखाली सापडला, अंगातील सुमारे ऐंशी हाडे मोडली वा निखळली, आणि तरीही तो जगला आणि पुन्हा स्कीवर उभा राहिला. डोंगराची उभी हयात सवय असलेल्या माणसालाही ज्या उताराने फसविले, त्या उताराच्या पोटात काय आहे हे पाहिल्याखेरीज गत्यंतर नव्हते.

पोटात पाहणारा पहिला मनुष्य भूगर्भशास्त्रज्ञ असावा, हे स्वाभाविकच होते. कार्ल्सरूहेचा प्राध्यापक विल्हेल्म पाउल्के हा स्वतः निष्णात स्कीपटू. त्याने खडकाचे थर पाहण्याच्या सवयीने हिमात खड्डे घेतले, आणि त्याला दिसले की हिवाळा हा एक थर नसून अनेक थरांचा ग्रंथ आहे. प्रत्येक वादळाचे एक पान, प्रत्येक ऊन पडलेल्या दुपारचे एक कवच, प्रत्येक वाऱ्याची एक घट्ट फळी. १९३१ मध्ये स्विस सरकारने हिम आणि हिमस्खलन यांच्या अभ्यासासाठी आयोग नेमला, आणि १९३६ साली दावोसच्या वर वाइसफ्लुयोख या खिंडीशी, अडीच हजार मीटरांहून अधिक उंचीवर, एक लाकडी प्रयोगशाळा उभी राहिली. तेथे जमलेली मंडळी मोठी नवलाची होती. पाउल निग्ली हा खनिजांचा पंडित. हेन्री बाडर स्फटिकांचा अभ्यासक. रोबर्ट हेफेली हा धरणांच्या पायाखालची माती किती भार सोसेल याचा हिशेब करणारा अभियंता. हिमाकडे कोणी स्फटिक म्हणून पाहिले, कोणी माती म्हणून, आणि दोघांचेही खरे ठरले. त्यांच्या संशोधनाचा ग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या नावातच हिमाच्या रूपांतराचा उल्लेख आहे, आणि सगळे मर्म त्या एका शब्दात आहे.

ते मर्म असे. आकाशातून उतरलेला हिमकण सहा पाकळ्यांचा असतो. शांतपणे पडून राहिला तर काही दिवसांत त्याच्या पाकळ्या झिजतात, कण वाटोळा होतो, शेजाऱ्याला चिकटतो, आणि थर आपोआप मजबूत होतो. पण हिवाळ्याच्या आरंभी हिम जेमतेम गुडघाभर साठले असेल आणि वर आकाश निरभ्र असेल, तर निराळेच घडते. खाली जमीन गोठणबिंदूच्या आसपास उबदार राहते. वर पृष्ठभाग शून्याखाली वीस अंशांवर जातो. आणि एवढ्याशा जाडीत एवढा तापमानाचा फरक पडला, की तळातील हिमाची वाफ होऊन ती वर चढू लागते आणि वाटेतल्या कणांवर बसून त्यांना नव्याने घडविते. हे नवे कण मोठे, टोकदार, पुष्कळदा पेल्यासारखे पोकळ असतात. दिसावयास रत्नासारखे आणि एकमेकांना धरून राहण्यास नालायक. पाउल्केने त्यांना ‘श्विमश्ने’, म्हणजे तरंगते हिम, असे नाव दिले. दुसरा एक असाच दगाबाज थर वर बनतो. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या काठी थंडीच्या कडाक्यात गवतावर जे हिव पडलेले दिसते आणि ज्याच्या बातम्या आपली वृत्तपत्रे दरवर्षी कौतुकाने छापतात, तेच हिव हिमाच्या पृष्ठभागावर पिसांसारखे उगवते. त्यावर पुढचे वादळ अलगद बसले, म्हणजे कागदाएवढ्या जाडीचा एक निसरडा पापुद्रा दोन थरांच्या मध्ये गाडला जातो आणि आठवडेच्या आठवडे तेथेच राहतो.

त्यामुळे थोडे हिम पडलेला हिवाळा निर्धोक, ही जुनी समजूत पार उलटी झाली. फेब्रुवारीत जो उतार सुटतो त्याचे कारण पुष्कळदा डिसेंबरात लिहून ठेवलेले असते. वरचे ताजे हिम हा केवळ भार असतो. सही खालच्या जुन्या पानावर झालेली असते. ज्या उतारांचा कल तीस ते पंचेचाळीस अंशांचा आहे, म्हणजे नेमके जे उतार स्कीपटूला सुंदर वाटतात, तेथे अशा पानावर एका माणसाचे वजनही पुरते. अशा उतारांवर हिमाखाली सापडलेल्यांपैकी दहांतील नऊ जणांच्या बाबतीत तो लोट त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्याने सोडलेला असतो, हे सत्य मला या विद्येतील सर्वांत गंभीर सत्य वाटते. गाडलेल्या माणसाला पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढले तर दहांतील नऊ वाचतात, आणि अर्ध्या तासानंतर ती आशा झपाट्याने मावळते. तेव्हा सुटका बाहेरून येणाऱ्या पथकाच्या हाती क्वचितच असते, ती सोबत्यांच्या हाती असते, आणि त्याहूनही आधी, पाऊल टाकण्यापूर्वीच्या परीक्षेत असते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. दुसऱ्या महायुद्धात स्विस लष्कराने हिमाच्या बातमीची व्यवस्था उभारली, १९४२ मध्ये वाइसफ्लुयोखच्या प्रयोगशाळेची रीतसर संस्था झाली, आणि युद्ध संपल्यावर १९४५ पासून तिची धोक्याची पत्रके नागरिकांसाठी निघू लागली. १९५१ च्या जानेवारीत मात्र दोन-तीन दिवसांच्या अखंड वृष्टीने असा कहर केला, की वाल्स गावात १९ आणि त्याच जुन्या आंडरमाटमध्ये १३ माणसे गेली, आणि त्या हिवाळ्यात देशभर एकूण ९८ जण मृत्युमुखी पडले. राईने शतकानुशतके गाव सांभाळले होते, पण तिच्या आडोशाबाहेरही आता घरे होती. त्यानंतर उतारांवर पोलादी कुंपणे चढली, गावांच्या नकाशांवर तांबडे आणि निळे पट्टे ओढले गेले, तांबड्यात घर बांधण्यास मनाई झाली. १९९९ च्या फेब्रुवारीत तशीच, काही ठिकाणी त्याहूनही मोठी हिमवृष्टी झाली तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये १७ जण गेले. सतरा हा आकडा लहान नाही. परंतु ९८ आणि १७ यांच्या मध्ये जे अंतर आहे, ते गावोगावच्या ज्या निरीक्षकांनी हिवाळाभर रोज सकाळी काठीवर हिमाची उंची पाहून वहीत लिहिली त्यांनी भरून काढलेले आहे. १९९३ मध्ये युरोपातील देशांनी धोक्याच्या पाच पायऱ्यांची एकच पट्टी मान्य केली, आणि २०१८ मध्ये युनेस्कोने स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया यांच्या या विद्येला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

हिमालयाचा या दप्तराशी संबंध दुःखातून आला. १९२२ च्या ७ जूनला एव्हरेस्टच्या उत्तर खिंडीखाली, ताज्या हिमावरून वर निघालेल्या तुकडीतील सात भारवाहक लोटाखाली गेले. तुकडी गिर्यारोहक मॅलरीच्या नेतृत्वाखाली होती आणि त्या मृत्यूंचा दोष त्याने आपल्याकडे घेतला. पुढे वाइसफ्लुयोखच्या संस्थेत अनेक वर्षे हिमाचा अभ्यास करणारा आंद्रे रॉश १९३९ साली गढवालात मोहीम घेऊन आला होता. दुनागिरीचे शिखर प्रथम त्याच्या चमूने गाठले, आणि त्याच मोहिमेत चौखंब्यावर छावणीवर हिम येऊन दोन भारवाहक प्राणास मुकले. हिम जाणणाऱ्यालाही हिमालयाचे हिम नव्याने वाचावे लागते, हे त्या दोन जीवांच्या मोलाने कळले. स्वातंत्र्यानंतर सरहद्दीचे रस्ते आणि ठाणी उंच उंच गेली, तेव्हा ही विद्या आपल्याला अपरिहार्य झाली, आणि १९६९ साली मनाली येथे हिम व हिमस्खलन यांच्या अभ्यासाची संस्था संरक्षण खात्याने स्थापिली. २०१६ च्या फेब्रुवारीत सियाचेनवरील सोनम ठाण्यावर बर्फाचा कडा कोसळून जे दहा जवान गेले, त्यांतील एक सातारा जिल्ह्यातील होता. ज्या माणदेशात पावसाचीही वाट पाहावी लागते तेथल्या मुलाचा अंत हिमाखाली व्हावा, ही गोष्ट मला अजून विसरता येत नाही.

त्याच हिमालयात, रोहतांगच्या पलीकडे लाहौलमध्ये, सिस्सू गावाच्या वरच्या उत्तराभिमुख उतारावर एका फेब्रुवारीत मी ही परीक्षा डोळ्यांनी पाहिली. बरोबरचा लाहौली वाटाड्या पन्नाशीचा, अबोल, आणि गिर्यारोहणाच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेला होता. मुख्य उतारापासून दूर, तशाच तोंडाच्या एका लहान बांधावर त्याने फावड्याने छातीइतका खड्डा खणला, आणि सावलीकडची भिंत सुरीने तासल्यासारखी सरळ केली. मग एका जाड कुंचल्याने त्याने ती झाडली, आणि इतका वेळ जी निव्वळ पांढरी दिसत होती त्या भिंतीवर आडव्या रेघा उमटल्या. मऊ थर आत गेले, कठीण थर उंबऱ्यासारखे पुढे राहिले. हातमोज्याने त्याने वरपासून चाचपणी सुरू केली. पहिल्या थरात मूठ शिरली. त्याखाली मूठ अडली, पण चार बोटे गेली. त्याखाली एकच बोट. त्याखाली बोटही नाही, पेन्सिल रोवावी लागली. आणि एका करड्या कवचाशी पेन्सिलही थांबली तेव्हा त्याने चाकू काढला. दर दहा सेंटिमीटरांवर थर्मामीटर खुपसून तो आकडे वहीत लिहीत होता, घाई नाही, बोलणे नाही. गुडघ्याच्या खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, त्याने पुन्हा मूठ लावली, आणि ती कोपरापर्यंत आत गेली. भिंतीतून दाणे ओघळू लागले, पोत्याला भोक पडल्यावर साखर ओघळावी तसे. त्याने चिमूटभर दाणे माझ्या मोज्यावर ठेवून भिंग दिले. प्रत्येक दाणा म्हणजे रेघारेघांचा एक इवलासा पेला होता. मोजा किंचित कलंडला तर ते सगळे एकदम निसटले.

मग त्याने भिंतीतून हातभर रुंद चौकोनी खांब मोकळा केला, वर फावड्याचे पाते आडवे ठेवले, आणि त्यावर थापा मारल्या: दहा मनगटातून, हलक्या, नंतर कोपरातून. कोपरातली तिसरी थाप पडली आणि खांबाचा वरचा भाग, अखंड, एखाद्या पाटीसारखा, साखरेच्या थरावरून घसरून त्याच्या गुडघ्यांवर आला. खालच्या बाजूचा काप इतका स्वच्छ होता, की जणू कोणी करवत चालविली असावी. तो काही वेळ त्या कापाकडे पाहत राहिला. समोर, दोनशे पावलांवर, आम्हाला चढायचा होता तो उतार उन्हात झळकत होता, त्याच्यावर एकही खूण नव्हती. त्याने वहीत तारीख, वेळ, उंची, दिशा, आणि खांब कितव्या थापेला सुटला तो आकडा लिहिला, आणि आज इकडून नाही, एवढेच म्हणाला.

निघण्यापूर्वी त्याने खड्डा बुजविला. मी मदतीला वाकलो तेव्हा त्याने फावडे माझ्या हाती दिले, आणि काठ कसा सपाट करावा ते दाखविले, कारण मागून येणाऱ्याच्या स्कीला खड्डा लागला तर तो पडतो.